निळ्या जिभेची कपिला

भवानीनगरच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"बने, कपिला कशी हाय?"

"गोचिडाचा ताप उतरला, आक्का. लाल मुतायची थांबली. डॉक्टरनं मानंच्या शिरंत निळं औषध सोडलं. आता जीभ निळी, डोळं निळं. दूधबी आभाळावानी दिसतंय."

"अगं बया!"

"सांजच्याला गोठ्यात गेलं की तळ्यात उतरल्यावानी वाटतं. बाया हळदकुंकू घिऊन येत्यात. देवाची गाय म्हणत्यात."

"औषधाचं सांगितलं न्हाईस त्यास्नी?"

"ती थकली, आता गाभण ऱ्हायची न्हाय म्हणून मालक इकायला निघालं व्हतं तिला. आता गावच इकू देत न्हाय."

"आन रंग उतरला म्हंजी?"

"उतरू दे सावकास. तवर पुन्ना गाभण ऱ्हाईल ती."