पोटावरची माती

मंडळी, ऐका! आज सरळ प्रश्न. देवाने माणसाला दुखणं कशाला दिलं?

बोला की! — काका म्हणतात, पूर्वजन्मीचं पाप. वा! बर्फी या जन्मी खायची, दाढ या जन्मी किडायची, आणि आळ मागच्या जन्मावर! राहू द्या काका. गोष्टच सांगतो.

लांज्याकडच्या मालूताई पळसुले. यजमान वामनराव. नोकरीतून निवृत्त झाले आणि जे पेटले! परसात दोन झोपड्या, वर पाटी — ‘निसर्गकुटी’. सर्दी? माती लावा! मूळव्याध? माती! सासू-सुनेचं भांडण? दोघींना माती!

हसा, पण ऐका. मातीने थंडावा मिळतो, लंघनाने पोटाला विसावा मिळतो. त्यात वाईट काय? वाईट एकच — वामनरावांना उत्तरं पाठ होती. प्रश्न ऐकायची गरजच नाही!

एकदा मालूताईंचं पोट दुखू लागलं. आधी बेंबीशी, मग खाली उजवीकडे. उलटी. ताप.

"अहो, हे नेहमीचं नाही."

"मालू, हा उभार!"

उभार म्हणजे? रोग बाहेर पडताना जोर करतो, अशी त्यांची समजूत. काय सोय आहे बघा! बरं वाटलं — उपचाराचा गुण. वाईट वाटलं — तोही उपचाराचाच गुण! असा वकील रावणालासुद्धा मिळाला नाही!

मालूताईंच्या पोटावर मातीची पट्टी चढली. पेटीवाले, सूर धरा —

माती पोटी, माती भाळी, माती सकळां माय…

नको. थांबवा! बाई विव्हळतेय आणि आपण आलाप घेतोय? वामनराव दुसरं काय करत होते!

दुसऱ्या दिवशी दुपारी — कळ थांबली. एकदम! मालूताईंनी डोळे उघडले. वामनराव धावत परसात. तिथे उपवासाला बसलेली मंडळी, चेहरे दोडक्यासारखे. "निसर्ग जिंकला!" टाळ्या! लिंबू-मधाचं पाणी फिरलं. वामनरावांचं भाषण सुरू.

आत मालूताईंना हुडहुडी भरली. पोटाला हात लावला — पाटासारखं कडक! त्या भिंतीला धरून दारात आल्या.

"अहो, मला दवाखान्यात न्या."

"आत्ता? आत्ता तर बरी झालीस! एवढ्या लोकांसमोर… पाटीचं काय होईल?"

मालूताईंनी पाटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"तुम्ही पाटीजवळ बसा. मी जाते."

आणि गेल्या! वाकलेल्या, पोटावर माती तशीच. रस्त्यावर रिक्षा थांबवली. टाळ्या वाजवणारे हात तसेच अधांतरी. मग वामनराव रिक्षामागे पळाले — अनवाणी, हातात मधाचा चमचा!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी उचलली. "हे काय?"

"आमच्या ह्यांचा निसर्ग," मालूताई म्हणाल्या.

अपेंडिक्स फुटलं होतं. फुटताना ताण सुटतो, घटकाभर बरं वाटतं. मग विष पोटभर! त्या घटकाभरात वामनरावांनी विजयसभा घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर बोलायला मी असते, पण ऐकायला ह्या नसत्या."

लगेच ऑपरेशन झालं, मालूताई वाचल्या. शुद्धीवर आल्या, तर उशाशी वामनराव. तोंड उघडलंच होतं — "मालू, मी वाचलंय की अशा वेळी माती—"

"अहो, आधी विचारा. दुखतंय का म्हणून."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न वामनरावांनी कधी विचारलाच नव्हता. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "दुखतंय का गं?"

"हो. खूप."

आणि त्यांनी उपाय सांगितला नाही. हात धरून बसून राहिले.

तर काका, दुखणं कशाला? निसर्गाची ती हाक! बाईच्या पोटातून निसर्ग बोंबलत होता, आणि निसर्गाचा भक्त परसात निसर्गावर व्याख्यान देत होता!

आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका. कुणी काढ्यावर बोलतं, कुणी गोळ्यांवर, मी इथे उभा राहून देवावर. घरात कुणीतरी "अहो, हे नेहमीचं नाही" म्हणतंय. आज घरी गेलात की विचारा — दुखतंय का? आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐका. तेवढं जमलं, तर देवाचं नाव उद्या घेतलंत तरी तो रागावणार नाही!