कोंबडी काय, काहीही खाते!

...नाही, पण म्हणणाऱ्यांचं काय जातं हो? 'कोंबडी काय, काहीही खाते!' अरे, खाते ना, पण खाल्लेलं जातं कुठे? अंड्यात! तुम्हाला सांगतो, अख्खा जन्म मालवणच्या समुद्रात मासे मारण्यात गेला, गुडघ्याने दगा दिला म्हणून बोट सुटली, तर आमची तुळसा, म्हणजे बायको हो माझी, म्हणते, "घरात बसान काय करतलास? कोंबयांका खावक घाला!" काय घालू? "कायव घाला ओ! कोंबी काय, कायव खाता!"

आता तुळसा मासे विकते, घरात बांगड्याची डोकी, आतडी, मुबलक... घातली! अहो, काय तुटून पडल्या! मला बघितलं की अंगणभर धावत सुटायच्या. बोट सुटल्यापासून माझी एवढी वाट कोणी बघितली नव्हती हो!

आणि आमची सून रसिका, तिने मागच्या खोल्या पर्यटकांना दिल्यात, बाहेर पाटी, 'गावठी अंड्यांचं ऑम्लेट'. पुण्याच्या एक बाई, पहिला घास घेतला आणि थांबल्या. "अहो, मी ऑम्लेट सांगितलं होतं... यात मासा आहे का?" मेलो! तुळसा लगेच, "आता ह्यांची सागोतीच करूया!" सागोती! माझ्या कोंबड्यांचा झणझणीत रस्सा! म्हटलं, "जरा दम धर गो! त्यांचो काय दोष?"

मासळी बंद. कण्या, कोंडा, शेंगदाण्याची पेंड, शेवग्याचा पाला, सगळं कालवून पुढ्यात ठेवलं. आल्या, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि गेल्या! काहीही खाते ना कोंबडी? या, भरवून दाखवा! अंडी बंद, आणि तुळसा सागोतीसाठी खोबरं भाजायला निघाली! मी आपला त्यांच्यात फतकल मारून, "खावा गो बायांनो, जीव वाचवा!" शेवटी सुकटीची चिमूट चुरली, नुसती वासापुरती. एक आली. चोच घातली. मग दुसरी...

अंडी सुरू झाली, तर कवच असं पातळ, हातात घेतलं की फुटलं! रसिकाने फोनवर शोधलं, "बाबा, ह्येंका चुनो कमी पडता." चुना? अहो, मागीलदारी तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग! बारीक कुटले, वेगळ्या करवंटीत ठेवले, लागेल तेवढे टिपू देत. आणि हळूहळू... टणक कवच, आत केशरी बलक, आणि वास? नावालाही नाही! परवाच्या पाहुण्याने ताटली पुसून विचारलं, "अजून एक मिळेल?" तुळसा माझ्याकडे बघून हसली हो, कोंबड्यांकडे नाही!

आणि काल पुतण्या सुदेश दारात. "काका, गुडघो बरो दिसता तुमचो. बोटीर येतास मा? माणूस कमी आसा." बोट! माझ्या अंगावर काटा आला... तोंड उघडणार, तर आतून तुळसा, "काय नको! ह्ये गेले तर कोंबयांका कोण बघतलो? दुसऱ्याच्या हातचा खायत नाय ती!"

कोंबडी काय, काहीही खाते... पण कुणाच्याही हातचं नाही!

नाही गेलो. म्हटलं जाऊदे, समुद्राचं काय अडलंय माझ्यावाचून? तो थोडाच अंडी घालतो!