गोड्या पाण्यातले तिवर

...नाय, सही करीन की, येते मला सही — पण आधी वाचा तर परत, ताई, मोठ्यानं. ‘किनारी अधिवास संवर्धनात स्थानिक समुदायाची भागीदारी’ — वा! अहो, मुरबाडात किनारा कुठला? मी समुद्र बघितला तो एकदाच, माझी रंजिता पोटात असताना, तोही लांबून. हां, आमची नदी पुढे खाडीला मिळते, म्हणून आमी किनाऱ्याचे. मग आमच्या न्हाणीचं पाणीही तिकडंच जातं — तिथं नाय लावलात बोर्ड?

बसा ओटीवर, रागवले नाय मी. गेल्या वर्षी जानेवारीत तुमच्या संस्थेचे साहेब आले. अनुदानाच्या कागदात तिवराची पाचशे रोपं लिहिलेली, खाडीकाठी जागा मिळेना — लावा मग इथं! गोड्या नदीला खाडीची झाडं! शेंबडं पोरसुद्धा हसेल. बायकांच्या हातात एकेक रोप, कडेला साहेब, बुटांना चिखल लागू न देता — फोटो काढले, गेले. जाताना आमच्या ह्यांना ‘नदीमित्र’ करून गेले, एक टोपी दिली. माझा नवरा सत्तरीचा, आणि टोपी उशाशी घेऊन झोपायचा!

मग एक फॉरेस्टचा गार्ड आला. तो म्हणाला, काका, ही खाऱ्या पाण्याची झाडं, इथं उपाशी मरतील. तो हसून गेला, ह्यांनी मनावर घेतलं. रोज संध्याकाळी हंड्यात खडेमीठ विरघळवायचं आणि एकेका रोपाला तांब्याभर — हो, मीठ! गाव हसलं, मी काय कमी हसले? ह्यांनी साहेबांना फोन लावला, मीठ किती घालू विचारायला. साहेब म्हणाले, घाला अंदाजानं, पाहणीपर्यंत हिरवी दिसली म्हणजे झालं. अंदाजानं! आमटी आहे का ती?

घरात मीठ टिकेना. मग मी बरणीच लपवली, पेटीत, लुगड्यांखाली — काय करणार, आमचं जेवण अळणी नि झाडं खारट! एप्रिलात ह्यांनी सगळं घर धुंडाळलं, बरणी सापडेना, तर निघाले भर उन्हाचे धसईला, चालत, मीठ आणायला — मी इथंच होते, तांदूळ पाखडत, हाक मारली असती तर — पेटी दहा पावलांवर —

काय? नाय, ऊन लागलं, एवढंच. मरणाच्या दाखल्यावर डॉक्टरनी तेच लिहिलंय. तुमी कशाला लिहून घेताय? खोडा ते. खोडा म्हणते ना.

आणि आता त्यांच्या नावाची पाटी लावणार? ‘जयराम तिवरवन’? — बघा, नाव काढलंत माझ्या तोंडून, इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं. वर पाटी, खाली माझी सही, की रोपं जोमात आहेत. नदीवर जाऊन तरी आलात? पुरात सगळी गेली, रोपं बांधायच्या काठ्या तेवढ्या उभ्या आहेत. कागद पाठवायची उद्या शेवटची तारीख — असेल, तुमची असेल. माझा माणूस खुळा होता, ताई, पण तो रोज खरोखर पाणी घालायचा. त्याच्या नावाखाली मी खोटं लिहू?

नाय, समजावू नका. साहेबांना सांगा, म्हातारी भांडखोर आहे. उचला कागद. गाडी येईल तुमची, उठा.