परातीतलं झाड

घरातल्या झाडाची पानं कडेनं करपायला लागली, तर तुम्ही काय करता? मी आपली पाणी वाढवत गेले. लेक सासरी जाताना माझ्या भरवशावर ठेवून गेलेलं झाड, आणि तिसगावच्या उन्हाळ्यात त्याचं नवं पान गुंडाळलेलंच अडकलं, उलगडेचना.

माझी धाकटी जाऊ मंगल कोल्हारकडच्या पानमळ्यात वाढलेली. ती म्हणाली, "ताई, मुळं बुडवून मारताय व्हय? तहान हवेला लागलीय."

तिनं माझी कणकेची परात घेतली, खडी पसरून पाणी ओतलं आणि कुंडी वर ठेवली, बूड कोरडं राहील अशी.

"अगं, कणीक कशात मळू?"

"मळा पातेल्यात. पानमळ्यातबी आमी भोवतीची हवाच ओली ठिवतो."

शेजारी ओलं गोणपाट टांगून ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान न फाटता उलगडलं होतं.