प्रोजेक्टर आणि आप्पांची भिंत

खोटं वाटलं तर खानापूरला जाऊन माझ्या आक्काला विचारा. जुन्या गाडीच्या हेडलाइटमध्ये नवी प्रोजेक्टरची भिंगं बसवली आणि मी थेट तिच्याच दारात गेलो. उजेड काय सांगू! वरची कड दोरी ताणल्यासारखी सरळ. तिच्या नव्या कंपाउंडवर टाकला, तर कड डावीकडं विटांच्या सातव्या थरावर आणि उजवीकडं नवव्यावर!

"तुझे दिवेच वाकडे," ती भिंत बांधणारे आप्पा गवंडी म्हणाले.

मी गाडी वळवून शेजारच्या भिंतीवर उजेड टाकला. एकदम सरळ!

आक्का रडकुंडीला आली. "आप्पा, उद्या वास्तुशांत. सासरची सगळी येणार. त्यास्नी ही भिंत दाखवू व्हय?"

आप्पांनी गाडी परत फिरवायला लावली आणि डाव्या चाकांखाली विटा सारल्या. "आता लाव रं."

कड या टोकापासून त्या टोकापर्यंत आठव्याच थरावर!

"बघ पोरी, भिंत सरळच हाय. ह्याची गाडी लंगडत हुती."

आक्काला ते इतकं पटलं, की आता पावणं आलं की तिचा फोन येतोच. "बाळू, गाडी घेऊन ये रं. विटा मांडून ठेवल्यात!"