पूजेत ठेवलेला पाना

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या कापूस सोसायटीचे चेअरमन सदाशिवरावजी, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप द्यायला जमलो ते रहमतचाचा मिस्त्री, आणि महागाव-फुलसावंगीच्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

आधी एक कबूल करतो. सेक्रेटरीसाहेबांनी मला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, "धरमसिंग, तू मिस्त्रीपाशी काम केलं, दोन चांगले शब्द लिहून आणजो." मी आज सकाळपर्यंत कागदाला पेन लावला नव्हता. एकदा लिहायला बसलो तर बाजारात दोन भाजीवाल्यांचं जुंपलं, ते पाहायला गेलो. दुसऱ्यांदा बसलो तर झोप लागली. पण खरं कारण वेगळं आहे. मला चांगले शब्द सापडतच नव्हते. सुचत होते ते सगळे कडू होते, आणि ते चाचांसाठी नव्हते.

मी आठवी अर्ध्यात सोडलेला माणूस. ऊसतोडीला गेलो, बोअरच्या गाडीवर तेलंगणात राहिलो, सुरतेत साड्यांच्या घड्या घातल्या. सुरतेत एक मुकादम होता, तो... नाही, ते राहू द्या. सांगायचं इतकंच, की कुठंच पाय टिकला नाही. चाचांच्या गॅरेजात मात्र सात महिने टिकला.

कशामुळं? फौजीमुळं. बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतो, फौजी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातून सोसायटीनं आणलेला ट्रक. याची पुढची चाकंही इंजिन फिरवतं. परतीच्या पावसात काळ्या मातीत बैलगाडी आखापर्यंत रुतते, तिथून हा कापूस काढून आणायचा. गेल्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं, अर्ध्या जिनिंग कारखान्यांना कुलूप होतं, आणि त्यातच फौजीचा पुढचा आख बसला. चाकं डुलायला लागली.

चाचांनी तो आख नऊ दिवसांत उभा केला. दोन्ही हब, म्हणजे चाकांचे तुंबे, उतरवले, बेरिंगचे जुने कप, म्हणजे बाहेरची कडी, ठोकून काढले, एकेक भाग डिझेलमध्ये तीन-तीन वेळा धुतला. नव्या बेरिंगमध्ये ग्रीस कसं भरतात माहीत आहे? तळहातावर घेऊन दाबायचं, पलीकडच्या फटीतून बाहेर येईपर्यंत. मी बोटानं वरवर माखलं, तर म्हणाले, "अबे, पोळीले तूप लावून राह्यला काय? दाब! बेरिंगच्या पोटात गेलं पाह्यजे." मग चाक फिरवत फिरवत हबचा नट आवळला, आणि केसभर मागं घेतला. मी म्हटलं, "चाचा, ढिला काहून करता?" तर म्हणाले, "गच्च आवळला तं बेरिंग जळते. ढिला सोडला तं चाक पळते. नवे कप पयले शंभर किलोमीटर जागा घेत असतात. मंग नट ढिला होते. म्हणून गाडी परत आणा लागते."

हे त्यांनी सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं, ड्रायव्हर रामधनभाऊंना सांगितलं, आणि फौजीच्या दारावर ऑइलपेंटनं लिहिलंसुद्धा. मी वाचलं आहे. आठवी अर्धी असली तरी एवढं वाचता येतं.

(जुनेद, हा माइक काहून किंचाळून राह्यला? पाह्य बरं. हां.)

शंभर किलोमीटर भरले ते नेमके दसऱ्याला. रामधनभाऊंनी गाडी इथं, याच आवारात आणून लावली. पण हबचा नट ज्यानं फिरतो तो आठ कोनांचा मोठा पाना फौजीसोबतच मिलिटरीतून आलेला. तालुक्यात तसा एकच. आणि तो ऑफिसात पूजेत मांडलेला, त्याला हळद-कुंकू लागलेलं. चाचांनी चेअरमनसाहेबांना हात जोडून पाना मागितला. सदाशिवरावजी, तुमचे शब्द मला पाठ आहेत. "मिस्त्री, पूजेतल्या अवजाराले आज हात लावत असते काय? उद्या पाहू."

चाचा म्हणाले, "बराबर हाय साहेब. मंग गाडी बी उद्याच हलवा."

तुम्ही "हो हो" म्हटलं.

मी विचारतो, चूक कुठं झाली? पूजेत? नाही. माझ्या घरीही विळा-कुदळ पूजतात. पाना त्या दिवशी आराम करणार, मान्य. मग फौजीच्या कपाळालाही तेच कुंकू होतं, झेंडूचा तोच हार होता. पान्याला सुट्टी आणि गाडीला ड्यूटी, हा कोणता दसरा? दुपारी चारला तुम्ही गाडी काढायला लावली. कापसासाठी नाही. तुमच्या सत्काराचा मंडप फुलसावंगीहून आणायला. तोच मंडप आज आपल्या डोक्यावर आहे.

रामधनभाऊ म्हणाले, "साहेब, मिस्त्रीनं ना म्हटलं हाय." तुम्ही म्हणालात, "मिस्त्री चेअरमन हाय का मी?"

हे मला रामधनभाऊंनी यवतमाळच्या दवाखान्यात सांगितलं. कारण परतताना नाल्याच्या उतारावर डावं पुढचं चाक हबासकट निसटलं, गाडी खाली गेली आणि त्यांच्या गुडघ्याचा चुरा झाला.

आता माझं. चाचा त्या दिवशी मला म्हणाले होते, "धरम, मी पूजेतलं उचलत नाही, माह्यं मन नाही होत. पण गाडी हलली नाही पाह्यजे. तू इथंच बस." मी तासभर बसलो. मग पोरं सोनं वाटायला चालली होती, त्यांच्या मागं गेलो. तिथून पुसदला. तीन दिवस. तेवढ्यात अपघाताची तुमची चौकशी झाली, सही-शिक्क्यासकट संपली. साक्ष द्यायला मी नव्हतो. ही लाज माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही.

पण अहवालात काय लिहिलंत? "मिस्त्रीने नट ढिला ठेवला व फेरतपासणीची सूचना दिली नाही." त्या एका ओळीनं एकतीस वर्षांचं गॅरेज बंद पडलं. सायकलवालासुद्धा फिरकेना. म्हणून चाचा नेरला लेकीकडं, रुबीनाताईकडं चालले. आणि त्याच हातांनी तुम्ही आज शाल घालणार? कशाबद्दल? चूक त्यांची असेल तर सत्कार कशाचा? आणि सत्कार खरा असेल तर ती ओळ कशाची?

चाचा, खाली बसवू नका मला. तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलतो.

सेक्रेटरीसाहेब, अहवालाचं रजिस्टर कपाटात आहे, कपाट पाच पावलांवर आहे. आधी ती ओळ खोडा, खाली माझी साक्ष लिहा, मग शाल घाला. चेअरमनसाहेब मघाशी म्हणाले, त्या अहवालावर रामधनचाही अंगठा आहे, आणि त्याला आता यवतमाळहून नागपूरच्या दवाखान्यात हलवलं आहे, यायचा नाही. भूल उतरत असलेल्या माणसाचा अंगठा कसा घेतात, ते मला माहीत नाही. तेवढी शाळा मी शिकलो नाही.

पाच मिनिटं दिली होती, जास्त घेतली. मंडळींनी ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्यांनी पदरात घ्यावं. पण जे खरं बोललो त्याची माफी मी चाचांखेरीज कोणाजवळ मागत नाही.

काय रे जमीर? कोण? फाटकाशी?

थांबा, मंडळी, उठू नका. रामधनभाऊंच्या घरच्या बिजलीबाई रिक्षातून उतरल्या आहेत, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून रामधनभाऊ आले आहेत. वाट द्या. चेअरमनसाहेब, तुम्हीही बसा. जमीर, इथं माइकपाशी दोन खुर्च्या आण. त्यांचा पाय वाकत नाही.