बाराचा ठोका आणि नारिंगी दिवा

आता नारिंगी म्हणजे काही लाल नव्हे, मान्य आहे! पण हिरवाही नव्हे ना? सकाळी मावशीच्या गाळ्याशी आले, छपराखाली टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याकडे आपलं सवयीनं वर पाहिलं, तर काल संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखा हिरवा असलेला दिवा नारिंगी! बस, एवढंच. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असेल बाई, दिवाच तो, त्याला काय धरून बसायचं… पण मी? हातातलं गरमागरम आपी, आमचं ते मक्याचं जांभळं पेय, निम्मं बुटावर. पुस्तिका उघडली. हिरवा म्हणजे सर्व ठीक, लाल म्हणजे बंद, आणि नारिंगी म्हणजे, काय लिहावं त्या लोकांनी? ‘लक्ष द्या’! अहो, मी जन्मल्यापासून दुसरं काय करतेय?

तर लक्ष द्यायचं होतं ते अलासिताच्या जत्रेतल्या वायफायकडे. आता अलासितात सगळंच छोटं. घर अंगठ्याएवढं, गाडी काडेपेटीत मावेल अशी, नोटा पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. जे हवं ते छोटं घ्यायचं, यातिरीकडून, म्हणजे आमच्या पुजाऱ्याकडून, त्याला धूप दाखवून घ्यायचा, की वर्षभरात आमचा बरकतीचा देव एकेको ते मोठं करून घरी धाडतो. पण घ्यायचं कधी? चोवीस जानेवारीला, भर दुपारी, बाराच्या ठोक्याला! साडेअकराला घ्याल तर ते नुसतं खेळणं, आणि दीडला घ्याल तर एकेको जेवून झोपलेला. म्हणजे अख्ख्या ला पाझला एकाच वेळी खरेदी करायची, एकाच वेळी पैसे द्यायचे, आणि सुट्टे कुणाकडे नसतात, सगळे मोबाईल पुढे करून त्या चौकोनी ठिपक्यांचा फोटो काढणार. एवढ्या गर्दीत मोबाईलचं नेट मान टाकतं, म्हणून कारागिरांच्या संघानं ठरवलं, यंदा जत्रेचं स्वतःचं वायफाय.

आता हे काम खरं म्हणजे फाउस्तोसरांना मिळायचं. फाउस्तोसर मला कॉलेजात शिकवायचे, आणि संघाच्या अध्यक्षीणबाई, सेनोवियाबाई, त्यांचे ते जावई. पण सभेत गिल्ला झाला. “जावयाला काम नाही! जावयाला काम नाही!” आणि तेवढ्यात आमची प्रिमी मावशी उठून उभी राहिली. मावशीचा गाळा छोट्या पदव्यांचा. डॉक्टर, वकील, इंजिनियर, बोटभर कागद, त्यावर लाल शिक्का. माझी पदवी आधी तिच्या गाळ्यावरून निघाली, विद्यापीठानं मागाहून फक्त मोठी करून दिली, असं ती कुणालाही सांगते. ती म्हणाली, “माझी भाची आहे ना इंजिनियर!” सेनोवियाबाईंनी टोपी सरळ केली आणि एकदम गोड आवाजात म्हणाल्या, “लावू दे की पोरीला. पण बाराला पैसे अडकले, प्रिमितिवाबाई, तर पुढच्या वर्षीपासून तुमचा तो कोपऱ्यावरचा गाळा माझ्या नणंदेला, आणि तुम्ही मागे, संडासाशेजारी.” तो कोपरा मावशीकडे तिच्या आईपासून आहे हो! आणि मावशी काय म्हणते? “मंजूर!” मला कुणी विचारलं? मी तिथेच उभी होते!

फाउस्तोसर मात्र मोठ्या मनाचे. म्हणाले, “सुलेमा, काही अडलं तर केव्हाही फोन कर. फक्त जत्रेच्या दिवशी मी ओरुरोला असेन, कार्निव्हलच्या नाचाची तालीम आहे. पण फोन उचलेन.” उचलेन!

तर नारिंगी दिवा बघितल्याबरोबर मी फोन लावला. वाजला, वाजला, वाजून वाजून दमला. म्हटलं, नाचत असतील.

मग लॅपटॉप उघडला, आसपास कोणकोणती वायफाय चालू आहेत ते बघायला, आणि तुम्हाला सांगते, यादी खाली जायला लागली ती जातच राहिली, जातच राहिली… बोट दुखलं माझं! हवेत वायफायला रस्ता तो केवढा, धड एकमेकांना न घासता चालायचं तर तीन पदर. आणि या सगळ्यांनी गाड्या घातलेल्या मधल्या पदरात! का? तर कंपनीकडून डबा तसाच येतो, आणि आणलेल्या डब्याला हात लावायचा नसतो, हात लावला की बरकत जाते, असं इथे सगळ्यांचं मत. म्हणजे आमचे संघाचे पाच डबे बिचारे बोलायला तोंड उघडतायत, आणि चहूकडून हा कलकलाट. पाचांचे पाच दिवे नारिंगी होणार नाहीत तर काय होणार?

मी गाळ्यागाळ्यानं फिरायला लागले. “काकू, तुमच्याकडे वेगळं वायफाय आहे का हो?” आणि काकू, छोट्या भाज्यांच्या ढिगामागून, इतक्या निरागस चेहऱ्यानं, “आमच्याकडे? एकच आहे, तेही छोटंसं.” पुढच्या गाळ्यावर छोट्या सिमेंटच्या पोत्यांचे भाऊ. “एकच आहे हो, तेही छोटंसं.” त्याच्या पुढे छोटे पासपोर्ट. “एकच आहे…” बरं बरं, कळलं! तेही छोटंसं! अहो, रांगेत प्रत्येकानं एकच आणि छोटासा बँड आणून वाजवायला घेतला तर तुम्हाला शेजारच्याचं ‘नमस्कार’ तरी ऐकू येईल का?

पण एवढी मंडळी एकदम शहाणी झाली कशी? मागच्या वर्षी तर रांगेत एकाकडेही नव्हतं. हे कोडं सुटलं कासिमिरोकाकांच्या गाळ्याशी. कासिमिरोकाका टिनाच्या छोट्या वस्तू करतात, आणि मागच्या वर्षी त्यांनी काय काढलं होतं माहितीये? छोटे राउटर! नखाएवढे, दोन इवल्या अँटेना, आणि लाल मण्याचा दिवा. सबंध रांगेनं घेतले. बाराच्या ठोक्याला. धूप दाखवून! काका छाती फुगवून म्हणाले, “एकाचाही नवस वाया गेला नाही, इंजिनियर. सगळ्यांना मिळाले.” मिळाले ना! त्याचंच तर हे… मी म्हटलं, “काका, तुमच्याकडे?” काका लाजले. “मी घरचाच करणारा, मग मी नको घ्यायला? एकच आहे, तेही छोटंसं.”

सरांना पुन्हा फोन. वाजतोय, उचलत नाहीत.

बरं, हात जोडून, बरकतीची शपथ घेऊन, मी कुणाला पहिल्या पदरात सरकवलं, कुणाला तिसऱ्या. दोघांनी तर बंदसुद्धा केलं, पण बंद करताना माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरचं कुत्रं घेऊन चाललेय. मग मी आमच्या पाच डब्यांचा जोर कमी करायला घेतला. हो, कमी! गर्दीत सगळेच ओरडले की कुणालाच कळत नाही, म्हणून आपण जवळच्यांपुरतं हळू बोलायचं, हे पुस्तकातलं आहे, फाउस्तोसरांनीच शिकवलेलं आहे. शिडीवर चढले, लॅपटॉप गुडघ्यावर, आणि खालून आवाज, “काय करतेयस गं?” मी अशी दचकले की शिडी दचकली! सेनोवियाबाई. एका हातात उकडलेलं कणीस, दुसरा कमरेवर.

मी म्हटलं, “जोर कमी करतेय, बाई.”

“कमी?” त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं. “संघानं पैसे भरले ते कमी करायला? उद्या विजेचा दिवा लावायला सांगितला तर मेणबत्ती लावशील!”

“अहो बाई, तसं नाही, सगळेच ओरडले की…”

“मग तूही ओरड की! या जत्रेत हळू बोलून कुणाचा माल खपलाय आजवर?” रांग हसली. माझ्या पदवीच्या चार वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही. मी धीर करून विचारलं, “बाई, तुमच्या गाळ्यात आहे का हो वेगळं काही?” त्यांनी कणसाचा एक दाणा सोलला, तोंडात टाकला, चावला, गिळला. “माझ्या गाळ्यात? आम्ही संघाचे लोक. आम्ही संघाचंच वापरतो.” आणि गेल्या. म्हटलं, चला, रांगेत एक तरी माणूस आहे ज्याच्याकडे एकही नाही, छोटंसंसुद्धा!

आणि तुम्हाला सांगते, झालं की सुरळीत! चार दिवे हिरवे झाले. मावशीनं मला तळलेल्या चीजचा तुकडा भरवला. पण पाचवा, आमच्या डोक्यावरचा, कोपऱ्यावरचा… नारिंगी. पुन्हा यादी बघितली. यादीत एक होतं, त्याला नावच नव्हतं! नाव लपवून लावलेलं. आणि जोर? जोर असा की बाकी सगळे कुजबुजतायत आणि हा एकटा गच्चीवर कर्णा घेऊन बसलाय. काल संध्याकाळपर्यंत आमचा दिवा हिरवा होता, म्हणजे तोवर हा नव्हता. सकाळीच कुणीतरी चालू केला होता.

सरांना फोन. वाजतोय. नाचा, सर, नाचा!

इकडे माणसं यायला लागली. ती येतात कशी, तर येतच नाहीत येतच नाहीत, आणि एकदम सगळी येतात. माणूस म्हणजे वायफायच्या दृष्टीनं पाण्याची पिशवी हो, मधे उभा राहिला की लहर गिळतो, आणि वर प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल ‘मी आलो, मी आलो’ म्हणून ओरडत असतो. मी लॅपटॉप छातीशी धरून त्या पिशव्यांमधून निघाले, पडद्यावरचा आकडा बघत. आकडा वाढला की जवळ, उतरला की लांब, मुलं खेळतात तसं. लोकांना वाटलं मी काही विकतेय. एका बाईनं विचारलंसुद्धा, “हा लॅपटॉप छोटा नाही का मिळणार?”

आणि बाराचा ठोका पडला! चर्चच्या घंटा, फटाके, धुराचे लोट, मी तर पहिल्या फटाक्यालाच खाली बसले. उठून बघते तर सगळ्यांचे हात वर, हातात छोटी घरं, छोटी बाळं, छोट्या बॅगा, आणि मावशीच्या गाळ्यापुढे ही रांग, सगळ्यांना पदव्या हव्यात! सगळ्यांचे मोबाईल पुढे, सगळ्यांच्या मोबाईलवर ते चक्र फिरतंय… फिरतंय… एक म्हातारबाबा नातवासाठी डॉक्टरची पदवी धरून उभे, म्हणतात, “पोरी, लवकर कर गं, बारा सरले तर हा कंपाउंडर होईल!”

मावशी नुसती मागच्या बाजूला बघत होती, संडासाकडे.

आणि सेनोवियाबाई आल्याच. धुरातून. पाठीमागे संघाचे चार लोक, साक्षीला. “काय प्रिमितिवाबाई? अडकलं वाटतं?”

मी काय करणार? एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातानं सरांना फोन. आकडा चढतोय म्हणून मी पुढे पुढे सरकतेय, सेनोवियाबाई माझ्यामागे बोलत येतायत, मावशी त्यांच्यामागे, म्हातारबाबा पदवी घेऊन मावशीच्या मागे, आणि रांग, ती तर सवयीनंच मागे. आकडा चढत चढत इतका चढला की मला वाटलं लॅपटॉप बिघडला. मान वर केली तर आम्ही कुठे? सेनोवियाबाईंच्याच गाळ्यापुढे! छोटी घरं मांडलेली, मागे फुलाफुलांचा पडदा. आणि पडद्यामागून मोरेनादाचा, कार्निव्हलच्या त्या नाचाचा, बँड वाजतोय, ढोल आणि झांजा… मोबाईलवर. मी फोन कापला, बँड थांबला. पुन्हा लावला, बँड पुन्हा सुरू.

सेनोवियाबाई पुढे होऊन घाईघाईनं छोटी घरं सारखी करायला लागल्या.

आणि मग, तुम्हाला सांगते, सकाळपासून लावतेय लावतेय तो फोन उचलला गेला! “हं, बोल गं सुलेमा. मी ओरुरोत आहे, आवाज नीट येत नाही…” आवाज उत्तम येत होता. एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात पडद्यामागून.

मावशीनं पडदा ओढला. आत फाउस्तोसर, मांडीवर जेवणाची ताटली, कानाला फोन, आणि डोक्यावर टांगलेला सुपाएवढा काळा डबा, आठ अँटेना वर केलेल्या, आणि दिवा कसा… हिरवागार! अख्ख्या जत्रेत छोटी नसलेली एवढी एकच वस्तू. संघाचे चार लोक बघतायत, मावशी बघतेय, म्हातारबाबा बघतायत, सरांचा घास हातातच.

सेनोवियाबाईंनी टोपी सरळ केली, आणि एकदम गोड आवाजात म्हणाल्या, “एकच आहे… तेही छोटंसं.”